क्रमांकामागचा हिशेब

पूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत विहिरीचे पाणी मोटेने काढीत असत. पहाटेच मोट सुरू होई. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात पडून पाटाने पिकाकडे वाहू लागे. समजा, शेजारशेजारच्या दोन विहिरींवर अशा दोन मोटा चालल्या आहेत. दिवसभरात पहिल्या बैलजोडीने शंभर खेपा पाणी काढले आणि दुसरीने ऐंशी. यांत सरस जोडी कोणती? घाईने पाहणारा म्हणेल, ‘पहिली.’ परंतु पहिल्या जोडीला दिवसाकाठी वीस पेंढ्या कडबा लागतो आणि दुसरीला दहाच, असे कळले तर? पहिल्या जोडीने एका पेंढीमागे पाच खेपा केल्या, दुसरीने आठ. विहिरींची खोली आणि मोटांचा आकार सारखा असेल, तर कडब्याच्या हिशेबाने दुसरी जोडी निःसंशय पुढे आहे.

केलेल्या कामास त्यासाठी झालेल्या खर्चाने भागले असता जे उत्तर येते, त्यास कार्यक्षमता म्हणतात. नुसते काम पाहिले तर एक क्रमांक लागतो. कामाबरोबर खर्चही पाहिला तर दुसराच लागतो. ही साधी गोष्ट शेतकऱ्याला सदैव ठाऊक होती. यंत्रांच्या बाबतीत मात्र ती पद्धतशीरपणे मोजून, तिची यादी छापून सर्वांपुढे ठेवण्याची कल्पना सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका खाणींच्या प्रदेशात रुजली.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथील भूमीच्या पोटात तांबे आणि कथील विपुल होते. परंतु खाणी जसजशा खोल जात, तसतसे त्यांत पाणी भरे. ते उपसण्यासाठी खाणीच्या तोंडाशी वाफेची प्रचंड यंत्रे रात्रंदिवस चालवावी लागत. या यंत्रांचे खाद्य म्हणजे दगडी कोळसा, आणि कॉर्नवॉलमध्ये तर कोळसाच नव्हता! तो वेल्समधून जहाजांनी आणावा लागे. त्यामुळे भट्टीत पडणारी कोळशाची प्रत्येक पाटी खाणमालकाच्या जिवाला चटका लावून जाई. आपले यंत्र कोळसा फार खाते की बेताने खाते, हे मात्र त्याला कळत नसे. कारण तुलना करावी तर शेजारच्या खाणीचा हिशेब कोणास ठाऊक?

इ. स. १८११ मध्ये तेथील काही खाणव्यवस्थापकांनी एक ठराव केला. सर्व यंत्रांच्या कामगिरीची नोंद एकाच रीतीने घ्यावी आणि ती दरमहा छापून प्रसिद्ध करावी, असा तो ठराव होता. हे काम जोएल लीन या सचोटीच्या खाणव्यवस्थापकाकडे सोपविण्यात आले. त्याचे मासिक पत्रक ‘लीन्स इंजिन रिपोर्टर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी जोएल लीनचे निधन झाले. परंतु त्याच्या मुलांनी हे काम पुढे चालविले, आणि हे पत्रक इ. स. १९०४ पर्यंत निघत राहिले.

पत्रकातील माप ठरलेले होते. एक बुशेल कोळसा, म्हणजे सुमारे ४३ किलोग्रॅम, जाळला असता यंत्राने किती पौंड पाणी एक फूट उंच चढविले, हा आकडा प्रत्येक यंत्रापुढे छापला जाई. यंत्राच्या तुळईचे हेलकावे मोजणारे उपकरण कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे, म्हणजे कोणी हळूच काटा पुढे सरकवू नये. मोजणी खरी नसेल तर क्रमांकाला काडीचीही किंमत नाही, हे त्या लोकांना पक्के समजले होते.

या पत्रकाचा परिणाम विलक्षण झाला. ज्याचे यंत्र यादीत खाली दिसे, त्याला स्वस्थ झोप येईना. ज्याचे वर दिसे, त्याने काय युक्ती केली ते पाहण्यासाठी इतर अभियंते त्याच्या खाणीवर जात. कोणी वाफेचा दाब वाढविला, कोणी वाफेला प्रसरण पावण्यास पुरेसा अवकाश दिला, कोणी उष्णता वाया जाऊ नये म्हणून सिलिंडरला उबदार आवरण घातले. एकाची सुधारणा लवकरच सर्वांची होई. सुमारे तीस वर्षांत कॉर्नवॉलच्या यंत्रांची सरासरी कार्यक्षमता तिपटीहून अधिक झाली. फोवी कॉन्सोल्स नावाच्या खाणीतील एका यंत्राचे आकडे इतके चढले की, लोकांना ते खरे वाटेनात. तेव्हा इ. स. १८३५ मध्ये साक्षीदारांसमक्ष चोवीस तासांची चाचणी घेण्यात आली, आणि त्या यंत्राने एका बुशेलमागे साडेबारा कोटी पौंड पाणी एक फूट चढविल्याचे सर्वांनी पाहिले. शंका घेणाऱ्यांवर कोणी रागावले नाही. त्यांना पुराव्याने उत्तर दिले गेले. विद्येचा मार्ग हाच होय.

आता काळ बदलला आहे. पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रांच्या जागी आज गणिते करणारी यंत्रे, म्हणजे संगणक, जगाचे अवाढव्य काम करीत आहेत. त्यांचे खाद्य कोळसा नसून वीज आहे. आणि ही वीज पुष्कळ ठिकाणी अद्यापि कोळसा जाळूनच तयार होते. तेव्हा कॉर्नवॉलच्या खाणमालकांना पडलेला प्रश्न आजही कायम आहे. किती विजेत किती काम?

जगातील सर्वांत बलाढ्य पाचशे संगणकांची यादी इ. स. १९९३ पासून वर्षातून दोनदा, जून व नोव्हेंबर महिन्यांत, प्रसिद्ध होत आली आहे. तिचे नाव ‘टॉप ५००’. परस्परांत गुंतलेली असंख्य समीकरणे सोडविण्याचे एकच ठरलेले काम प्रत्येक संगणकाला दिले जाते, आणि ते तो किती वेगाने करतो यावरून त्याचा क्रमांक लागतो. या यादीत केवळ वेगाला मान होता. संगणक जितके मोठे होत गेले, तितकी त्यांची विजेची भूकही वाढत गेली. हे पाहून अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातील वू-चुन फेंग आणि कर्क कॅमेरॉन या संशोधकांनी निराळी यादी काढली. तीच ‘ग्रीन ५००’. एका वॅट विजेमागे संगणक सेकंदाला किती आकडेमोडी करतो, यावर या यादीतील क्रमांक ठरतो.

नोव्हेंबर २००७ मधील पहिल्या ‘ग्रीन ५००’ यादीत अग्रभागी असलेला संगणक एका वॅटमागे सेकंदाला सुमारे ३५ कोटी ७० लाख आकडेमोडी करी. जून २०२४ च्या यादीत पहिला आलेला जर्मनीतील ‘जेडी’ हा संगणक तितक्याच विजेत सुमारे ७,२७३ कोटी आकडेमोडी करू लागला. म्हणजे सतरा वर्षांत कार्यक्षमता दोनशे पटींहून अधिक वाढली! परंतु गंमत अशी की, काटकसरीत जगात पहिला असलेला हा ‘जेडी’ वेगाच्या यादीत पहिल्या शंभरांतही नव्हता. दोन्ही याद्या खऱ्या होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत बसविलेला ‘ऐरावत’ नावाचा संगणक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी उभारलेला आहे. जून २०२३ मधील ‘टॉप ५००’ यादीत त्याला पंचाहत्तरावा क्रमांक मिळाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु हा क्रमांक वेगाचा आहे. त्यावरून ‘ऐरावत’ किती वीज खातो, हे सांगता येणार नाही. त्यासाठी दुसरे माप लावून, दुसरी यादी उघडावी लागेल.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे माणसाच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी, चित्रे काढणारी, भाषांतर करणारी किंवा आवाज ओळखणारी संगणकीय आज्ञावली. आज्ञावलीला इंग्रजीतून आलेला ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. या आज्ञावल्यांमागे जी गणिती रचना असते, तिला ‘मॉडेल’ म्हणतात. काही मॉडेले लहान असतात, काही अतिशय मोठी. मोठ्या मॉडेलला एका उत्तरासाठी अधिक आकडेमोड करावी लागते आणि म्हणून अधिक वीज लागते. कामाप्रमाणेही खर्च बदलतो. आलेले पत्र तक्रारीचे आहे की आभाराचे, एवढेच ओळखायचे असेल तर थोड्या विजेत भागते. नवे चित्र काढायचे असेल तर तिच्या कितीतरी पट वीज खर्ची पडते.

तेव्हा कॉर्नवॉलप्रमाणे येथेही यादी हवी, असे विचारवंतांना वाटले यात नवल नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘एआय एनर्जी स्कोअर’ या नावाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात आरंभी कृत्रिम बुद्धिमत्तेची दहा प्रकारची कामे निवडलेली होती. प्रत्येक कामाचे एक हजार नमुने मॉडेलकडून सोडवून घेतात, किती वीज लागली ते मोजतात, आणि एकापासून पाचपर्यंत तारे देतात. आपल्या घरच्या शीतकपाटावर किंवा पंख्यावर वीज बचतीचे तारे असतात, त्याच जातीची ही कल्पना आहे.

आता प्रश्न असा की, अशी क्रमवारी ज्याला हवी आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचते कशी? लीनचे पत्रक छापून निघे. आज हे काम एक लहानशी आज्ञावली करते. तिला क्रमवारी आणणारे साधन म्हणू या. तिचे काम एखाद्या विश्वासू जासुदासारखे असते. प्रथम ती दूरच्या संगणकाकडे ठराविक नमुन्यातील विनंती पाठविते: ‘अमुक कामाची, अमुक महिन्याची नोंद द्यावी.’ तो संगणक आपल्या भांडारातून नोंद काढून एका कोष्टकाच्या रूपाने उत्तर धाडतो. मग आज्ञावली ते कोष्टक वाचते, प्रत्येक ओळीतील कामाला खर्चाने भागते, उत्तरे मोठ्याकडून लहानाकडे मांडते आणि क्रमांक घालून विचारणाऱ्यापुढे ठेवते. हे सर्व पुष्कळदा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते.

चांगल्या जासुदाचे काही गुण असतात. तसेच चांगल्या साधनाचेही असतात. यादी वर्षातून दोनदाच बदलत असेल, तर तीच यादी दर मिनिटाला मागविणे हा निव्वळ अपव्यय होय. म्हणून शहाणे साधन आणलेल्या यादीची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवते आणि नवी यादी निघाल्यावरच पुन्हा विचारणा करते. काटकसरीचा हिशेब सांगणाऱ्यानेच उधळपट्टी करावी, हे शोभणारे नाही. दुसरा गुण असा की, असे साधन यादीबरोबर तिची तारीख आणि मोजमापाची रीतही दाखविते. तिसरा गुण सचोटीचा. दूरच्या संगणकाकडून उत्तर आलेच नाही, तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे ते स्पष्ट सांगते. जुनी यादी नवी म्हणून पुढे करीत नाही.

जासूद कितीही प्रामाणिक असला, तरी आणलेल्या निरोपाचा अर्थ लावणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. क, ख आणि ग अशी तीन मॉडेले आहेत. तिघांना तेच शंभर प्रश्न विचारले. क ने ९० उत्तरे बरोबर दिली आणि ४५ वॅट-तास वीज खर्च केली. ख ची ६० उत्तरे बरोबर आली आणि वीज लागली २० वॅट-तास. ग ने ९६ उत्तरे बरोबर दिली, पण त्याला ९६ वॅट-तास वीज लागली.

आता क्रम लावा. केवळ बरोबर उत्तरे मोजली, तर ग पहिला, क दुसरा, ख तिसरा. एका वॅट-तासामागे किती उत्तरे बरोबर आली, हे मोजले तर ख ची तीन, क ची दोन आणि ग चे एक. म्हणजे क्रम अगदी उलटा झाला आणि शेवटचा पहिला आला! आता कोणी म्हणेल, ‘शंभरांपैकी निदान ८५ उत्तरे बरोबर असलीच पाहिजेत; त्यानंतर काटकसर पाहू.’ मग ख बाद होतो आणि क पहिला ठरतो. आकडे तेच, मॉडेले तीच, परंतु तीन रीतींनी तीन वेगवेगळे विजेते निघाले. यांत खोटे कोणीच बोलले नाही.

मग कोणता क्रमांक धरावा? ते कामावर अवलंबून आहे. वाचनालयातील हजारो पुस्तकांची नावे विषयवार लावायची असतील आणि शेवटी ग्रंथपाल त्यांवर नजर टाकणारच असेल, तर थोड्या चुका चालतील; तेथे ख ला काम द्यावे. रुग्णाच्या औषधाचे प्रमाण वाचायचे असेल, तर तेथे विजेची काटकसर पाहणे म्हणजे दोरीची बचत करण्यासाठी पोहरा अर्ध्यावरच सोडून देण्यासारखे आहे. तेथे अचूकपणा आधी, आणि शेवटचा निर्णय जाणत्या डॉक्टरांचाच.

क्रमवारी वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: खर्चात काय काय धरले आहे? याचे एक बोलके उदाहरण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगल या कंपनीने आपल्या ‘जेमिनी’ या साधनाचा हिशेब प्रसिद्ध केला. लेखी प्रश्नाच्या एका मध्यम उत्तराला ०.२४ वॅट-तास वीज लागते, असे तिने म्हटले. नऊ वॅटचा दिवा सुमारे दीड मिनिट जळावा, एवढी ही वीज झाली. परंतु त्याच हिशेबात आणखी एक आकडा होता. प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपांचीच वीज धरली, तर हा खर्च ०.१० वॅट-तास इतकाच भरतो. त्यांच्या जोडीची यंत्रे, गरज पडेल म्हणून जागती ठेवलेली राखीव यंत्रे आणि सर्वांना थंड ठेवण्याची व्यवस्था यांची वीज मिळविली म्हणजे तो ०.२४ होतो. एकाच उत्तराचे हे दोन हिशेब आहेत, आणि एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा आहे. एका मॉडेलचा लहान हिशेब आणि दुसऱ्याचा मोठा हिशेब शेजारी ठेवून क्रमांक लावला, तर तो अन्यायच ठरेल. शिवाय वजन कोणी केले, दुकानदाराने की तटस्थ माणसाने, हेही पाहावे. कॉर्नवॉलमधील पेटीला कुलूप होते, हे येथे आठवावे.

माणसांची क्रमवारी लावताना तर अधिकच जपावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलेला आणि तिच्याकडून आलेला मजकूर लहान लहान तुकड्यांत मोजतात. त्या तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात. समजा, एखाद्या कचेरीने ठरविले की, जो सर्वांत कमी टोकन वापरील तो सर्वांत कार्यक्षम. तर मग ज्याने दिवसभरात काही विचारलेच नाही आणि काही कामही केले नाही, तो पहिला येईल! बंद पडलेले यंत्र मुळीच कोळसा खात नाही. म्हणून त्याला कोणी उत्तम यंत्र म्हणत नाही. उलट, जो सर्वांत अधिक टोकन वापरील तो उद्योगी, असे ठरविले, तर बडबडीलाच बक्षीस मिळेल. कार्यक्षमतेच्या भागाकारात वर काम आणि खाली खर्च, असे दोन्ही आकडे असावे लागतात. त्यांतील एक झाकला की, क्रमांक उरतो पण अर्थ उडून जातो.

याशिवाय एक गोष्ट अशी आहे की, जी कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही. इ. स. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’ हा ग्रंथ लिहिला. त्याने दाखवून दिले की, वाफेची यंत्रे जसजशी काटकसरी होत गेली, तसतसा देशातील कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढतच गेला. याचे कारण सोपे आहे. यंत्र चालविणे स्वस्त झाले, म्हणून ते अधिक ठिकाणी बसविले गेले. जे काम पूर्वी परवडत नसे, तेही यंत्राकडे आले. प्रत्येक यंत्राने कोळसा वाचविला, आणि सर्व यंत्रांनी मिळून तो अधिक जाळला.

आज पुन्हा तसेच होत आहे काय, याचा विचार जग करीत आहे. संगणकांची मोठमोठी केंद्रे इ. स. २०२४ मध्ये सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरत होती, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. जगातील एकूण विजेच्या खपाचा हा सुमारे दीड टक्का होय. ही सर्व वीज कृत्रिम बुद्धिमत्तेचीच नव्हे, हे खरे. परंतु तिच्या वाढत्या वापरामुळे हा आकडा इ. स. २०३० पर्यंत दुपटीहून अधिक होईल, असेही त्या संस्थेने एप्रिल २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. एकीकडे यंत्रांची कार्यक्षमता शेकडो पटींनी वाढते आणि दुसरीकडे एकूण खर्चही वाढतो, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

म्हणून क्रमवारी निरुपयोगी आहे, असे समजू नये. कॉर्नवॉलच्या पत्रकाने हजारो टन कोळशाची नासाडी थांबविली. ती छापली गेली नसती, तर कोणाचे यंत्र किती उधळे आहे हे कधी कळलेच नसते. जे मोजले जात नाही, ते सुधारतही नाही. मात्र यंत्र एका कामाला किती वीज घेते, हे क्रमवारी सांगेल. ते काम मुळात करण्यासारखे आहे की नाही, हे ती सांगणार नाही. जो हिशेब पाटीवर दोन मिनिटांत सुटतो, त्यासाठी शेकडो कोस दूरच्या यंत्राला जागे करावे काय? आणि जे भाषांतर केल्याने एखाद्या खेड्यातील मुलाला त्याच्या भाषेत विज्ञान वाचता येईल, त्यासाठी थोडी वीज खर्ची पडली तर ती वाया गेली म्हणावे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कोष्टकात नाहीत. ती ज्याने त्याने आपल्या विवेकाने शोधावयाची असतात.

क्रमांक हा एका प्रश्नाचे उत्तर असतो. जो मनुष्य क्रमांक पाहण्यापूर्वी तो प्रश्न कोणता हे विचारतो, काय मोजले, कोणी मोजले, खर्चात काय धरले आणि काय वगळले याची चौकशी करतो, त्याला कोणताही आकडा सहसा फसवू शकत नाही. यंत्र यादी आणील, क्षणात आणील, बिनचूक आणील. ती वाचण्याचे शहाणपण मात्र ज्याचे त्यालाच कमवावे लागते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कार्यक्षमता म्हणजे काय?
(आ) कॉर्नवॉलमधील खाणमालकांना कोळसा महाग का पडे?
(इ) ‘टॉप ५००’ आणि ‘ग्रीन ५००’ या याद्या कोणत्या महिन्यांत प्रसिद्ध होतात?
(ई) टोकन कशास म्हणतात?

२. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) ‘लीन्स इंजिन रिपोर्टर’ या पत्रकामुळे यंत्रांत सुधारणा कशा घडून आल्या?
(आ) क्रमवारी आणणाऱ्या साधनाच्या अंगी कोणते तीन गुण असावेत?
(इ) यंत्रे काटकसरी होऊनही कोळशाचा एकूण खप का वाढला?

३. कारणे द्या.
(अ) हेलकावे मोजणारे उपकरण कुलूपबंद पेटीत ठेवीत.
(आ) सर्वांत कमी टोकन वापरणारा मनुष्य सर्वांत कार्यक्षम असेलच असे नाही.

४. क, ख आणि ग या मॉडेलांचे कोष्टक तयार करा. ‘निदान ९५ उत्तरे बरोबर हवीत’ अशी अट घातली, तर पहिला क्रमांक कोणाचा येईल? कारण लिहा.

५. पुढील शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा: अपव्यय, सचोटी, तटस्थ, विवेक, विपुल.

६. आपल्या घरातील विजेच्या तीन उपकरणांची नावे लिहा. प्रत्येकाचे काम कोणते आणि ते करण्यास किती वॅट वीज लागते, याची नोंद करा. त्यांतील सर्वांत उपयुक्त उपकरण कोणते, आणि ते ठरविताना कोणता प्रश्न विचारला, हे वर्गात सांगा.